शनिवारचा ठेका

बुधवार, संध्याकाळ

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावोजींना नमस्कार आणि मला ओळखत असूनही दर वेळी भुंकणाऱ्या तुमच्या त्या कुत्र्यालाही नमस्कार. आम्ही सगळे मजेत. हिचा खोकला थांबला. धाकटीचा पुढचा दात पडलाय, त्यामुळे ती सध्या मोठ्यांदा हसत नाही आणि घरात जरा शांतता आहे. माझं बोट एकदम ठणठणीत. कामावर लिफ्टच्या दारात सापडलं होतं हे मी विसरूनही गेलो, तू मात्र भेटलीस की आधी त्याच्याकडेच बघतेस.

दोन गल्ल्या सोडून राहणारा भाऊ पत्र लिहितो म्हणजे काय, असं म्हणशील. मग काय करू? फोन तू उचलत नाहीस. काल बेकरीत आलो, तर तू भट्टीकडे तोंड करून उभी राहिलीस आणि काउंटरवरच्या बाईला म्हणालीस, "त्यांना काय हवंय ते विचार." त्यांना! सख्ख्या भावाला! शेवटी एक ब्रेड घेऊन परत आलो. बरा होता ब्रेड.

म्हणून हे भावोजींच्या हाती देतोय. पत्राचा एक फायदा असतो, तुला मध्येच तोडता येत नाही.

रविवारचं बोलायचंय. पण आधी शनिवारचं बोलतो, म्हणजे जरा धीर येईल. हॉलच्या दाराशी पोस्टर लागलंय. आपल्या बँडचं नाव खालून दुसरं, बारीक अक्षरात, पण आहे. त्या हॉलमध्ये आपण दोघं आजवर मागेच उभे राहिलो, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी. स्टेजवर कुणी का असेना, तू हाताची घडी घालून ऐकायचीस आणि माझ्या कानात निकाल द्यायचीस. 'गिटार चांगली आहे, गिटारवाला नाही.' 'ही बाई सुरात आहे, पण आपल्याच सुरात.' लोक गाण्याला यायचे, मी तुझी बडबड ऐकायला यायचो. आणि तो ढोलकाएवढ्या पोटाचा ड्रमर आठवतो? गाणं सुरू केलं घोड्यावर आणि संपवलं बैलगाडीत. तू म्हणालीस, "याच्या बँडमध्ये कुणाला कान नाहीत, की कुणाला तोंड नाही?" मी इतका हसलो की पुढच्या माणसानं वळून बघितलं.

ते वाक्य रविवारपासून मला टोचतंय.

शनिवारी साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी इतर बँडवाले उभे असतील. हाताची घडी घालून.

आता रविवार. आपल्या गिटारवाल्या क्लचच्या मेव्हण्याच्या गोदामात आपण नेहमीसारखे गाद्यांच्या थप्प्यांमध्ये बसलो होतो. तिसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि औषधवाल्यानं कीबोर्डवरून हात उचलले. आपल्यात येऊन त्याला महिनाही झाला नाही, अजून सगळ्यांना अहोजाहो करतो बिचारा. म्हणाला, "माफ करा हं, पण सुरू केलं त्यापेक्षा गाणं आता बरंच सावकाश चाललंय. प्रत्येक गाण्यात असंच होतंय."

तू ड्रमच्या काठ्या मांडीवर ठेवल्यास. तुझा आवाज एकदम शांत झाला. तू एकेकाला विचारलंस. आमचा क्लच! दिवसभर लोकांना गाडी शिकवताना 'ब्रेक, ब्रेक' म्हणून ओरडणारा माणूस, तो गिटारची तार पिळत बसला. आपल्या गाणाऱ्या मॅडम शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवतात आणि इकडे पाणी पीत राहिल्या, बाटली रिकामी झाली तरी. मग तू माझ्याकडे बघितलंस. "बारक्या, तू सांग. ठेका ढिला पडतोय?"

मी म्हणालो, "छे! त्यालाच अजून आपली सवय नाही."

त्यानंतर तू त्याला जे झापलंस! त्यानं गुपचूप वायर गुंडाळली, कीबोर्ड पिशवीत घातला आणि जाताना 'येतो' म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. वर मी शहाणपणा करून सुचवलं की शनिवारी सगळी संथ गाणी घेऊ. तू म्हणालीस, "का? मनात काय आहे ते बोल." मी म्हणालो, "काही नाही." तू झांजा सोडवून घेतल्यास आणि निघून गेलीस.

ते 'काही नाही' खरं नव्हतं, ताई. ठेका ढिला पडतोय.

लिहिलं एकदाचं.

गेल्या वर्षी माझं बोट बरं होऊन मी परत बेस गिटार वाजवायला लागलो, साधारण तेव्हापासून माझ्या लक्षात येतंय. सुरुवात तू झकास करतेस आणि मग हळूहळू मागे येतेस. चेहरा ताणलेला, नजर खाली. एकदा तर तुझ्या हातातून काठी सुटली आणि गाद्यांखाली गेली. सगळे हसले, मी हसलो नाही. इतकी वर्षं पीठ मळून तुझं मनगट गेलं, असं मला वाटतं. तुला कळलं तर तू मोडून पडशील, म्हणून मी तुझ्या मागे मागे येत राहिलो. तू रेंगाळलीस की मी रेंगाळायचो, म्हणजे चूक कुणाला दिसायची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मी दुरुस्तीला जातो त्या एका इमारतीत लिफ्ट मजल्यापेक्षा जरा खाली थांबायची. राहणाऱ्यांना इतकी सवय झालेली की सगळे आपोआप पाय उचलून बाहेर पडायचे. तक्रार कुणाची? पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याची. तो सपशेल आपटला होता. आपला औषधवाला तोच पाहुणा. शनिवारी मात्र अख्खा हॉल पाहुण्यांनी भरलेला असेल.

तू म्हणशील तर शनिवार रद्द करू. मी आजारी पडतो, मला छान जमतं. तुला कुणी हसलं तर मला सहन होणार नाही. आणि तू काठ्या कायमच्या ठेवल्यास तर? तेही सहन होणार नाही. बँड आहे म्हणून आपण दर रविवारी भेटतो, भांडतो, एकमेकांची उष्टी बाटली तोंडाला लावतो. बँड नसला तर मी तुला कुठे भेटू, ब्रेड घ्यायला येऊन?

उत्तर दे. शिव्या दिल्यास तरी चालेल.

कान पहिल्यापासून असलेला, तोंड आत्ता उघडलेला,
तुझा बारक्या


गुरुवार, दुपार

बारक्या, गाढवा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी तुझ्याशी हिशेब चुकता करू दे. बरा होता ब्रेड म्हणजे काय? लोक रांग लावतात त्या ब्रेडसाठी!

ह्यांनी तुझं पत्र पिठाच्या पोत्यावर ठेवलं आणि 'आधी वाच, मग चिड' म्हणून निघून गेले. मी आधी चिडले, मग वाचलं. 'ठेका ढिला पडतोय' इथे आले आणि त्या पोत्यावरच बसले. पुढे मनगटाचं वाचलं आणि इतकी हसले, इतकी हसले की काउंटरवरची बाई पाणी घेऊन धावत आली. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी आलं ते मलाच कळलं नाही.

अरे शहाण्या, माझ्या मनगटाला काय धाड भरलीय? कालच पीठ मळायचं यंत्र बंद पडलं तेव्हा सगळ्या दिवसाची कणीक मी हातानं मळली. काठी का सुटली ते ऐक. मी तुझ्या बोटाकडे बघत होते.

बोट बरं झाल्यावर तू पहिल्यांदा गोदामात आलास, तेव्हा गाण्यातल्या जलद जागेवर तू ओठ चावलास. तुला वाटलं कुणी बघितलं नाही. मी बघितलं. मग मी ठेक्यात जरा थांबले, तुला सोपं जावं म्हणून. तर तू आणखी मागे आलास. मला वाटलं, मेल्याचं बोट अजून दुखतंय आणि बोलत नाहीये. मी आणखी थांबले. तू आणखी मागे. वर्षभर मी तुझ्यासाठी थांबतेय, तू माझ्यासाठी थांबतोयस, आणि गाणं बिचारं मध्ये उभं राहून दोघांची वाट बघतंय! बैलगाडीवाल्या ड्रमरला हसलो ना आपण? घे आता.

रविवारी मी त्या औषधवाल्यावर ओरडले ती तुझ्यावरची पाळी टाळायला. माझी चूक काढली तर काढू दे, पण तुझ्या बोटावर नको, असं मनात होतं. तू संथ गाणी मागितलीस तेव्हा माझी खात्रीच पटली. म्हटलं, गेलं याचं बोट, आणि हा मलासुद्धा सांगत नाही. मलासुद्धा! त्याचा राग होता रे तो सगळा.

आज सकाळी औषधवाल्याच्या दुकानात गेले. खोकल्याचं औषध मागितलं. त्यानं विचारलं, कोरडा की ओला? मग मला राहवलं नाही, तिथेच गिऱ्हाइकांसमोर माफी मागितली. तो शनिवारी येतोय. क्लचला आणि मॅडमना फोन करून वेगळं झापलं. दोघांनाही ठाऊक होतं, म्हणे, पण बहीणभावांच्या मध्ये कोण पडणार!

आता नीट वाच. क्लचचा निरोप आहे, गोदामात नवा माल भरलाय, पाय ठेवायला जागा नाही. म्हणजे तालीम नाही, थेट शनिवार. आणि हसून झाल्यापासून मला भीती वाटतेय. तू न थांबता वाजवलेलं मी वर्षभर ऐकलेलंच नाही. तूही माझं ऐकलेलं नाहीस. माझं मनगट खरंच गेलेलं असेल तर? तुझं बोट त्या जलद जागेवर खरंच अडलं तर? ठणठणीत लिहिलंयस, पण लहानपणी तुझा पाय मोडला तेव्हाही तू ठणठणीतच म्हणाला होतास.

तरी संथ गाणी नाहीत आणि तुझं आजारपणही नाही. जी ठरली तीच गाणी, ज्या लयीत ती आहेत त्याच लयीत. सुरुवातीचे एक-दोन-तीन-चार मी मोजणार. त्यानंतर मी तुझ्या बोटाकडे बघणार नाही, समोर बघणार. तू अडलास तर सगळ्यांसमोर अडशील आणि मी पुढे गेलेली असेन. मी अडले तर तू पुढे जायचंस. मागे वळलास तर झांज फेकून मारीन. इतके दिवस एकमेकांना सांभाळत आपण दोघं वाईट वाजवायला शिकलो, आता पुरे.

धाकटीला पापा, वहिनीला आशीर्वाद. आणि तुला तो राहिलेला आशीर्वाद: जलद जागा येईल तेव्हा, बाळा, नीट वाजव.

शनिवारी तुझ्यासाठी न थांबणारी,
ताई