जहाजाकडे जाणारी वाट

प्रिय छोट्या,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून तसेच ठेवून देतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. तुझ्या कंपनीच्या बंदरातल्या ऑफिसात देऊन ठेवते, जहाज धक्क्याला लागलं की तुझ्या हातात पडेल. मी बरी आहे. घरही ठीक. आईच्या खोलीची खिडकी अजून अडकते, खांद्याने ढकलल्याशिवाय उघडत नाही. रोज उघडते मात्र.

हॉस्पिटलात या आठवड्यात जुना सर्व्हर बदलतोय आणि ते काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय. आज त्या गारठलेल्या खोलीत स्वेटर घालून बसले होते. जुन्या मशीनवर मी हाताने लिहिलेले रूट, म्हणजे कुठली माहिती कुठल्या वाटेने जायची ते, नव्या मशीनवर चढवायचे होते. एक्स-रे विभागाचा झाला, औषधांच्या कोठाराचा झाला, आणि मग तुझ्या जहाजाचा आला. साहेब मागे उभे होते. म्हणाले, “हा अजून लागतो का?” मी म्हटलं, “नाही.” आणि स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. बिचारे चहा आणतो म्हणून गेले आणि बराच वेळ फिरकलेच नाहीत.

तो काय प्रकार होता ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. आईला आमच्याच हॉस्पिटलात ठेवलं, तेव्हा तिच्या खोलीतल्या पडद्यावरून तुझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलणं काही केल्या जमेना. सर्व्हरला इंटरनेटच्या दोन लाइनी जोडलेल्या आहेत, एक मोठी आणि एक राखीव. वेगळं काही सांगितलं नसेल तर तो सगळं मोठ्या लाइनीवर ढकलून मोकळा होतो, आणि तिकडून आलेलं काहीही तुझी कंपनी आत घेत नव्हती. साहेबांनी पाठपुरावा करून आमच्या राखीव लाइनीपुरती परवानगी मिळवली. मग मी सर्व्हरला बजावलं, जहाजाच्या पत्त्यावर जाणारं सगळं ह्याच लाइनीने पाठवायचं. ह्याला स्टॅटिक रूट म्हणतात. सर्व्हर मग स्वतःचं डोकं चालवत नाही, सांगितलेली वाट सोडत नाही. आईला समजावलं तर म्हणाली, “म्हणजे तुझ्या बाबांसारखंच. एकदा रस्ता सांगितला की समोर खड्डा आला तरी वळायचे नाहीत.” नर्सला इतकं हसू आलं की हातातली सुई तिने खाली ठेवली.

त्यानंतर तू रोज दिसायला लागलास. दुपारपासूनच आईची गडबड सुरू व्हायची. केस विंचरून दे, ती निळी शाल दे, उशी उंच कर. तुला म्हणायची, समुद्र दाखव. तू दाखवलास की लगेच, पुरे झालं पाणी, तू दिस.

आणि मग तो दिवस. ती म्हणाली, ये आता. तू म्हणालास, बदली माणूस मिळाल्याशिवाय मला जहाज सोडता येत नाही. ती म्हणाली, “मग नकोच येऊस,” आणि त्याच क्षणी सगळं थांबलं. मी तिथेच कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसले. सर्व्हर इमानेइतबारे त्याच वाटेने पाठवत होता, पलीकडून उत्तर काही येत नव्हतं. हॉस्पिटलमागे रस्ता खोदत होते, तिथे राखीव लाइनीची केबल तुटली होती. मोठ्या लाइनीवर वळवून उपयोग नव्हता, तुमच्याकडे ती चालतच नव्हती. केबल जोडली गेली दुसऱ्या दिवशी. तोवर आई गेली होती.

काल तुझ्या जहाजावरच्या आचाऱ्याने कुठूनसा माझा नंबर मिळवून फोन केला. म्हणाला, “ताई, तो धड जेवत नाही. म्हणतो, आईने पाठ फिरवली आणि फोन बंद केला.” छोट्या, म्हणून लिहितेय. तिने पाठ फिरवली नव्हती रे, बोलता बोलता मागच्या टेबलावरचा चष्मा घ्यायला वळली होती, आणि तेवढ्यात लाइन गेली. फोनही तिने बंद केला नाही. आमच्या पडद्यावर तू मान खाली घातलेला तसाच थिजला होतास. तिला वाटलं, तू ऐकतोयस. लाइन गेलीय हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. चष्मा लावून ती तुझ्याशी कितीतरी वेळ बोलत होती. “रागावले नाही रे मी. तुला बघावंसं वाटतं म्हणून तोंडातून गेलं. काम टाकून येऊ नकोस, मी कुठे एकटी आहे, ही आहे ना माझ्याजवळ. आणि ती दाढी काढ, तुझा चेहराच दिसत नाही. बरं, मान वर कर. असं नाही बसायचं.” तू मान वर केली नाहीस, तर हसली आणि म्हणाली, “लाजतोय.” मग तिने हात लांब करून पडद्यावर, तुझ्या कपाळावरचे केस मागे सारावेत तसं, बोट फिरवलं आणि शांत झोपली.

तुझीच,
ताई