ओल्या बोंबलाची पेज

आये,

मंगळवारी तुझ्या जावयाचं वजन करायचं आहे. एक्कावन्न किलोच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल आणि केमोचा पुढचा डोसही लांबेल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. आज शनिवार. सकाळी घरच्या काट्यावर एक्कावन्न भरलं, तेही अंगात स्वेटर होता म्हणून. गालाच्या आतल्या गाठीवर रेडिएशन चालू आहे, त्यामुळे तोंडभर फोड आलेत आणि साधं पाणीही टोचतं. हे जेवायच्या आधी तोंड बधिर करणाऱ्या औषधाच्या गुळण्या करतात आणि मग तो बधिरपणा उतरायच्या आत जे जाईल ते आत घालायचं. मी समोर वाटी घेऊन बसते. हे मान हलवतात, मी म्हणते, "अजून तीन चमचे." यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. मला माझाच राग येतो, पण मी चमचा खाली ठेवत नाही.

हॉस्पिटलमधली आहाराची बाई तरुण आहे, तुझ्या नातीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. ती म्हणाली, "मॅडम, तिखट-आंबट सोडून जे गिळता येतं ते द्या. अंडं द्या, मासे द्या, वरून तूप सोडा. दिवसातून सात वेळा द्या, पण थोडं थोडं. आत्ता उपास-तापास काही नको." मी मान डोलावत होते, पण तिने लिहून दिलेल्या कागदाकडे मला बघवत नव्हतं. कारण पंधरा वर्षांपूर्वी अशाच एका बाईने अशाच कागदावर हेच लिहून दिलं होतं. तुझ्यासाठी.

तुझ्या छातीची गाठ काढली आणि केमो सुरू झाली तेव्हा मी तुला नवघरला माझ्याकडे आणलं. पहिल्या डोसनंतर तू चार दिवस उलटी करत होतीस. मी घाबरले, देव्हाऱ्यासमोर उभी राहिले आणि एकवीरा आईला बोलले, आये उठून चालायला लागेपर्यंत माझ्या घरात मासळी शिजणार नाही. कोळ्याची पोर दुसरं काय सोडणार? आपल्याला सगळ्यात जड जातं ते सोडायचं, तरच देवी ऐकते, असं मला वाटलं. सोडणार मी होते आणि उपाशी तू राहणार होतीस, हे त्या वेळी माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू स्वयंपाकघराच्या दारात टेकून बसलेली मला अजून दिसतेस. डोक्याला माझी जुनी ओढणी गुंडाळलेली आहे, पाय पुढे पसरलेले आहेत. मी दुधी किसतेय. तू विचारतेस, "आजपन म्हावरा न्हाय काय गो?" मी म्हणते, "नाही." "का? डॉक्टर नको बोलला?" आणि मी किसणीवरून नजर न काढता म्हणते, "हो, डॉक्टरांनी मना केलंय."

नवसाचं तुला सांगितलं असतं तर तू मला वेड्यात काढलं असतंस. देवीला कोंबडं-बकरं चालतं आणि मला बोंबील चालत न्हाय व्हय, असं म्हणून तूच चुलीपाशी आली असतीस. म्हणून मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं. तू आयुष्यात कुणाचं ऐकलं नाहीस, पहाटेच्या बसने उत्तनला जाऊन मासळीची टोपली भरून आणणारी बाई तू, गिऱ्हाइकाच्या बापाचंही न ऐकणारी. डॉक्टरांचं मात्र ऐकलंस. दुधीचे दोन घास खायचीस आणि ताट सरकवायचीस. वजन उतरत गेलं. दोनदा डोस पुढे ढकलला. तो कागद माझ्या कपाटात साड्यांखाली होता.

मासळी खाऊन तू वाचली असतीस असं मी म्हणत नाही. तसं कुणीच म्हणणार नाही. पण तू भुकेली गेलीस आणि ते माझ्यामुळे, एवढं मला माहीत आहे. दहाव्याला कावळ्यासाठी तुझ्या आवडीचे बोंबील तळले ते मीच. तू गेलीस तसा माझा नवस सुटला होता.

हे सगळं आत्ता वर आलं ते तुझ्या नातीमुळे. परवा ती देव्हाऱ्यासमोरून उठली आणि म्हणाली, "मम्मी, मी नवस केलाय. पप्पा बरे होईपर्यंत घरात फिश बंद." हातात ओल्या बोंबलांची पिशवी घेऊन मी दारात उभी होते. माझा तोलच गेला. इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या भाभीने दार उघडून विचारलं, "सब ठीक है ना?" मी पोरीला म्हटलं, "नवस करायचा तर स्वतःच्या जिभेचा कर. आजाऱ्याच्या ताटातलं काढून देवाला द्यायचं नाही." ती रडवेली झाली. म्हणाली, "एवढं काय चिडायचं? मी चांगल्यासाठीच केलं ना?" चांगल्यासाठीच. मग तिनेच पिशवी घेतली, बोंबील साफ केले, मधला काटा काढला. मी ते हळद-मिठात वाफवले, मऊ भाताबरोबर मिक्सरमधून काढले आणि वर चमचाभर तूप सोडलं. ती स्वतः मासळी खात नाही आता, पण बापाची पेज तीच घोटते.

इथपर्यंत शनिवारी लिहिलं होतं. आज मंगळवार. काट्यापाशी मी यांना स्वेटर काढायला लावला, खोटं वजन नको म्हणून. हे थरथरत उभे राहिले. आकडा आधी पन्नासवर रेंगाळला. मी पोरीचा हात इतका दाबला की तिला कळ आली. मग एक्कावन्न, आणि वर दोनशे ग्रॅम. नळी टळली, डोस मिळाला.

संध्याकाळी हे पेज पिऊन झोपले. पोरगी वाटी विसळत होती. तिने सहज विचारलं, "आजीला पण तू असंच करून द्यायचीस ना गं?"

मी म्हटलं, "हो."

उद्या तिला खरं सांगेन, असं याखाली लिहिलं होतं. ते आत्ताच खोडलं. हा कागद साड्यांखाली ठेवतेय, त्या दुसऱ्या कागदापाशी.