ओढ्यातले किडे आणि तुमची नजर

बाबा,

डोंगरकड्याच्या ओढ्यावर मेंढरं पाजण्याआधी तुम्ही पाण्यातला एखादा दगड उलटून पाहायचात. खाली तीन शेपट्यांचे चपटे किडे पळताना दिसले की कळप सोडायचात, नुसत्या लाल अळ्या असल्या तर पुढे हाकायचात. एकदा मी दगड तसाच उताणा टाकला, तर पाठीत धपाटा बसला. "त्यायचं घर हाय ते, झाकून दे!" मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तुमची लाजही वाटायची. पुढे हिंगोलीच्या कॉलेजात सरांनी हेच शिकवलं. स्वच्छ पाण्यातच जगणारे किडे किती, घाणीतही तग धरणारे किती, ते मोजायचं आणि ओढ्याची तब्येत ठरवायची. माझ्या बापाला हे आधीपासून येतं, असं काही मी वर्गात बोललो नाही.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मेंढरांना गोचिडं फार झाली, तेव्हा वारंगा फाट्यावरून औषध मीच आणलं. ओढ्यात, विहिरीत जाऊ देऊ नये, असं बाटलीवर बारीक अक्षरात होतं. मी ते वाचलं होतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुम्ही औषध मेंढरांच्या अंगाला चोळलं आणि दुसऱ्या दिवशी, कातरणीआधी धुवायची आपली रीत म्हणून, सगळा कळप डोहात घातलात. मी काठावर उभा आहे. वाहतं पाणी आहे, जाईल निघून, असं मनाला समजावतो आहे.

आठवड्यानं कॉलेजच्या प्रकल्पासाठी डोहाखाली जाळी धरली. एक किडा नाही. तुम्ही दगडामागून दगड उलटत होतात.

"काहून गेले रे सारे?"

"उन्हाळा हाय, बाबा."

"उन्हाळ्यात बी राह्यचे की. बरं, तू शिकलेला, तुला बराबर ठाव असंल. माझीच नजर गेली."

त्यानंतर तुम्ही दगड उलटायचं सोडलंत. पाणी पाजायच्या आधी माझ्याकडे बघायचात आणि मी शहाण्यासारखी मान हलवायचो. अहवालात मी डोहाच्या वरची, औषध न पोचलेली जागा दाखवली, ओढा निरोगी आहे असं लिहिलं, आणि सरांनी पाठ थोपटली. आज ओढे तपासणं हेच माझं काम आहे, आणि ते करताना मनाला चैन म्हणून नसते.

हा कागद पाठवू तरी कुठे? तुमची नजर गेली नव्हती, बाबा. सांगायला वेळच मिळाला नाही, असं मी आईला सांगत आलो. पण तुम्ही त्यानंतर चार वर्षं होतात, आणि रोज आपण एकाच चुलीपुढे जेवायला बसत होतो.