उजवीकडच्या नसा

मी, खाली सही करणारी, पशुवैद्यकीय महाविद्यालयातली निवृत्त शरीररचना-शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी घाबरलेली आहे. पण घाबरणं म्हणजे भ्रमिष्ट होणं नव्हे, असा दाखला डॉक्टरीणबाईंनी सोबत जोडला आहे. उद्या त्या माझ्या आतड्यातली गाठ काढणार आहेत.

१. राहतं घर माझ्या कमाईचं आहे. ते माझ्या पतीला आणि त्यांच्यामागे भाचीला मिळावं.

२. सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांच्या पेट्या महाविद्यालयाला. मांजराच्या मज्जारज्जूतून मूत्राशयाकडे आणि गुदाशयाकडे जाणाऱ्या नसांचा माग काढण्यात माझी सारी नोकरी गेली. मूत्राशयाच्या भिंतीत रंग टोचायचा आणि तो नसेतून उलटा वर कुठवर चढतो ते बघायचं. विभागप्रमुख ह्याला ‘मुतारीचं संशोधन’ म्हणत, आणि परिषदेत माझे नकाशे स्वतःचे म्हणून दाखवत. त्यांना काही नाही. माझ्या शोकसभेत भाषणही नाही.

३. बँकेतली शिल्लक. ह्या नसा तुटलेल्या मांजराला आपणहून लघवी होत नाही. ओटीपोट हलकेच दाबून करवावी लागते. आमच्याकडे जनावरं सांभाळणारा माणूस ते करी, मांजराशी गप्पा मारत. मी त्याच्याशीच लग्न केलं.

माझी गाठ नसांना चिकटली आहे. डावीकडच्या जाणारच, उजवीकडच्या वाचवायच्या तर गाठीचा अंश मागे राहू शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मी म्हटलं, वाचवा. मरणापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती होती: जन्मभराची नळी, आणि दुसऱ्याच्या हातात गेलेला देह. नसा गेल्यावर मांजरांचं पुढे काय होतं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

ह्यांना हे कळलं तेव्हा ते बराच वेळ माझी चादर सारखी करत राहिले. मग म्हणाले, “इतक्या मांजरांचं केलं. तू तर बोलतेस. कुठे दुखतंय ते सांगशील तरी.”

आज सकाळी मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, नसा बघू नका, गाठ मुळापासून काढा.

वकील म्हणतात, मृत्युपत्रात जिवंतपणीच्या सूचना चालत नाहीत. तरी लिहिते: मी वाचले तर शिलकीतून परिचारिका ठेवावी, सगळं ह्यांच्या अंगावर टाकू नये. मेले तर शिल्लक ह्यांचीच.

४. देह वैद्यकीय महाविद्यालयाने घेतला तर द्यावा. मांजरात सापडलेली वाट माणसातही तशीच असते, असं मी ठामपणे छापलं होतं. आज मला तेवढी खात्री वाटत नाही. कुणीतरी उघडून बघावं.

हे सर्व मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं. ह्यातलं काहीही त्यांना मिळत नाही. सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर (सही)
शेजारच्या खाटेवरच्या आजींचा मुलगा, धंदा शिवणकाम (सही)

स्थळ: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस