अजून एखादी विहीर

आबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटून बसावं लागतं. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. पोरीला शाळेत घालून काय फौजदार करायचीय का, असं तुम्हीच म्हणाला होतात. पोरगी नाही झाली, पण तुमचा पणतू झाला. तोच समोर पाटावर बसून हे लिहितोय. मी ‘हाय’ म्हणते, तो ‘आहे’ लिहितो. तेवढी सूट त्याला दिलीय. बाकी एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही, अशी तंबी आहे. लोकांचे जबाब घेण्यात त्याचा जन्म चाललाय, आजीचा एक घेतला तर काय बिघडलं?

आज त्याची सुट्टी. दुपारी त्याच्या आवडीचं ताट वाढलं, मेथी, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी. अर्ध्या भाकरीवर उठला. मोरीपाशी गेला, नळ सोडला आणि हात न धुता नुसता उभा राहिला. पाठमोरा बघितला, तर आबा, हुबेहूब तुम्ही. तेव्हाच मी म्हटलं, कागद आण.

तुम्ही ठाण्यात हवालदार होतात तेव्हाच्या त्या इंजिनाच्या चोरीचं बोलायचंय. बागायतदाराच्या मळ्यातलं ऑइल इंजिन गेलं होतं. तेव्हा काहीही चोरीला गेलं की आधी ओढ्याकाठच्या पालांकडं बघायची रीत होती. तिथल्या एकाला तुम्ही उचलून आणलंत. ठाण्यामागच्या खोलीत त्याला इतकं मारलंत की त्यानं कबूल केलं, इंजिन विहिरीत टाकलंय. ऐन वैशाखात, हंडाभर पाण्यावरून बायका झिंज्या उपटत होत्या तेव्हा, ती विहीर उपसली. तळाला एक फुटकी बादली आणि एक कासव. मग त्यानं दुसरी विहीर कबूल केली. मग तिसरी. दर विहिरीला नवा मार. इंजिन सापडलं ते श्रीरामपूरला. मालकाच्या मेव्हण्यानंच विकलं होतं.

गावाला मोठी मजा मिळाली. चुलता तर लग्नाच्या पंगतीत उठून सांगायचा, “आमच्या हवालदारानं फुकाट तीन हिरींचा गाळ काढून घेतला!” सगळे हसायचे, मी सगळ्यात मोठ्यानं. तो पालावरचा माणूस डावा पाय ओढत चालायचा. तुम्ही त्याच्यासाठी वहाणा करून घेतल्यात, डाव्या टाचेला जास्तीचं कातडं लावून. त्यानं त्या घातल्या, तुटेपर्यंत वापरल्या. पण बाजारात तुम्ही दिसलात की हात जोडून विचारायचा, “हवालदार, अजून एखादी हीर सांगू का?” लोक पोट धरायचे. तुम्ही भाजी न घेताच माघारी फिरायचात.

ही गोष्ट ह्यालाही ठाऊक आहे, आमच्या घरात कुणाला नाही? पण पुढचं फक्त मला आणि आईला ठाऊक होतं. चुलीपुढं बसलेय मी. आई भाकरी थापतेय. तुम्ही जेवताय आणि मला चेष्टा सुचते. “आबा, आजून हानला असता तर चौथी कुनाची सांगितली असती वो त्यानं?” तुमचा घास हातातच राहतो. ओरडत नाही तुम्ही, ओरडला असतात तर बरं झालं असतं. “हसू नगं पोरी. त्यानं एक बी हीर सांगितली न्हाई. मी इचारायचो, पाटलाच्या हिरीत टाकलं का? त्यो म्हनायचा, व्हय. देवळाच्या? व्हय. हिरींची नावं समदी माजीच हुती.” आणि अर्ध्या भाकरीवरून उठता. तव्यावरची भाकरी करपली तरी आईनं उलटली नाही.

इथं लिहिणाऱ्याचं पेन थांबलंय. थांबू दे जरा.

आता त्याचं सांगते. लांबच्या शहरात बॉम्ब फुटला, माणसं मेली. एकाला धरलं. ह्याच्या पथकानं त्याला विचारलं. “मारलं का रे?” मी विचारलं, तर म्हणतो, “आज्जे, तसं नाही म्हणत. कसून चौकशी म्हणतात.” म्हटलं, बरं बाबा, नाव चांगलं ठेवलंय. त्या कसून चौकशीत त्या माणसानं माल पुरलाय म्हणून सुप्याकडची एक जागा सांगितली. खणली; माती निघाली. दुसरी सांगितली. तिथंही मातीच. मग आपल्याच गल्लीतल्या गादीवाल्याच्या मुलाचं नाव निघालं. ज्या दुपट्यात मी ह्याला बाळपणी गुंडाळलं, त्याचा कापूस त्याच घरात पिंजलेला. आता तो कोठडीत आहे, आणि उद्या सकाळी त्याला विचारायला हाच जाणार आहे. काल त्याची आई दारात येऊन उभी राहिली. म्हटलं, आत या. आली नाही. एवढंच विचारलं, “तिथं जेवायला देत्यात का वो?”

हा काही राक्षस नाही, आबा. मेलेल्यांची प्रेतं तिथं जाऊन ह्यानं स्वतः उचललीत. मला म्हणाला, “इंजिन आणि बॉम्ब एक नाही, आज्जे. उद्या आपल्या बाजारात ठेवलेला असला आणि तू तिथं कोथिंबीर निवडत असलीस तर? मी त्याला चहा पाजत बसू?” माझी नात त्या बाजारात असती तर मीच म्हटलं असतं, हाण त्याला. खोटं कशाला बोलू? पण ज्याला ठाऊक आहे तो ओरडतो आणि ज्याला काहीच ठाऊक नाही तोही तसाच ओरडतो, हे तुम्ही कानानं ऐकलेलं. ज्याला ठाऊक आहे त्याचं सांगून तरी सुटतं. ज्याच्याकडं द्यायलाच काही नाही, त्यानं थांबवायचं कसं? त्याला मग विहिरी द्याव्या लागतात.

म्हणून मी ह्याला एकच विचारलं, आणि ते लिही म्हटलं: गादीवाल्याच्या मुलाचं नाव आधी कुणाच्या तोंडात आलं? त्या माणसाच्या, की तुझ्या?

मग म्हटलं, वाच. त्यानं सगळं वाचलं, चांगलं घडाघडा. ही ओळ तेवढी गाळली. मला अक्षर कळत नाही, पण माझंच बोलणं मला कळतं. म्हटलं, “फौजदार, आज्जीचा जबाब बदलता व्हय?” हसला नाही. खाली बघून लिहिलं आणि मग हळूच म्हणाला, “गल्लीतला म्हणून मला ठाऊक होता. मीच त्या माणसाला विचारलं, हा होता का. तो हो म्हणाला.”

हेही लिहून घेतलंय, आबा.

हा कागद कुठं टाकायचा, तो विचारतोय. तुमच्या गावाला टपाल जात नाही. म्हटलं, घडी घाल आणि शर्टाच्या खिशात ठेव, उद्या त्या खोलीत जाताना असू दे. तुम्हाला सांगायचं ते मी देवापुढंही सांगितलं असतं. मला लिहिणारा हात हवा होता.

वाचून दाखवल्यावर अंगठा घ्यायचा, ही त्याची रीत. शाईचा डबा आणला. माझा अंगठा धरला, शाईवर फिरवला, कागदावर दाबला. किती सवयीचा हात! अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर, पण तेवढ्यापुरतं मला त्याचं भ्या वाटलं.

अंगठ्याच्या खाली हे पण लिही म्हटलं. लिहिलं म्हणतो.