पोटाकडे जाणारी नस

पुणे, ४ मार्च १९९३

तीर्थरूप आप्पांच्या पायांवर धाकट्या भावाचं, भैरूचं डोकं.

दवाखान्यात येऊन बारा दिवस झाले आणि आज लिहितोय, रागावू नका. उलट्या थांबल्या, पेज पचते. माझ्या घरी सगुणाला एवढंच वाचून दाखवा.

पोटातल्या जखमेचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूतून पोटाकडे एक नस येते, तिच्यामुळं आम्ल सुटतं, म्हणून ती तोडायची. मी विचारलं, "नरड्याशेजारून काळजाजवळून खाली जाते, ती पांढरी दोरी का?"

"आबा, तुम्हाला कसं ठाऊक?"

"जन्मभर मेंढरं सोलली, बाई."

त्या हसल्या. म्हणाल्या, काळजाचा फाटा वरच सुटतो, आम्ही खाली पोटापाशी तोडणार.

पण आप्पा, मला तो फाटा कधी दिसला नाही. आपण ती दोरी ओढून टाकत आलो. वर फाटा नसेलच, काळीजही त्याच दोरीवर चालत असेल, तर ती तोडल्यावर माझं काळीज थांबेल ना? सारखा मनगट धरून बसतो.

तुमचा खोकला कसा आहे? पांढरी मेंढी व्याली का?

रविवारी हनुमंत बकरं कापेल, तेव्हा शेजारी बसून नीट पाहा. माझ्या संपतला बुधवारपर्यंत निरोप देऊन धाडा. फाटा दिसला नाही तरी लपवू नका, पण लवकर कळवा.

तुमचा भैरू