तुझ्या प्रार्थनेतली नावं

प्रिय अक्का,

काल मिशनच्या देवळात तुझ्या आठवणीची उपासना झाली. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बहिणीला रडू आलं. जे मनात आलं ते मंडळीसमोर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तुलाच लिहिते आहे.

मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो. गेलेल्या माणसाचा कुणी हेवा करतं का?

माझी प्रार्थना म्हणजे शाळेतले पाढे. तू डोळे मिटलेस की समोर कुणी येऊन बसल्यासारखी बोलायचीस. निजामाचे रझाकार गावात फिरायचे तेव्हा मी कडी लावून दाराला पाटा टेकवायचे, आणि तू डाळ निवडत बसायचीस. त्यांच्यातल्या ज्या करीमखानाने बाबांच्या थोबाडीत मारली, त्याचंही नाव तू रोज संध्याकाळी घ्यायचीस. आजारी, बाळंतिणी, सगळ्यांची नावं घ्यायचीस. माझं कधीच नाही! मी शेजारीच गुडघे टेकून वाट बघत असायचे.

मग पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, आणि भीती आपल्या घरांतून मुसलमानांच्या घरांत गेली. बांगड्या विकणारी हमीदाबी लेकीला घेऊन आपल्या मागच्या दाराने आली. तू तिला माझं अंथरूण दिलंस. प्रार्थनेच्या वेळची तुझ्याजवळची जागाही दिलीस. ती तुला आपा म्हणायला लागली. तुझी बहीण मी एकटी होते ना?

तिसऱ्या दिवशी दुपारी तू एका बाळंतपणाला गेली होतीस. पाच-सहा माणसं काठ्या घेऊन अंगणात आली. पुढे सखाराम होता.

“बाई, हमीदा तुमच्यात हाय का? तुमी शाळेच्या बाई. खोटं बोलायच्या न्हाई.”

मी गप्प राहिले. ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं. अक्का, तेव्हा माझ्या मनात आलं, नेलं तर नेऊ दे. घर पुन्हा आपल्या दोघींचं होईल.

सखारामने उंबऱ्यावर पाय ठेवला तेवढ्यात तू आलीस. हात अजून ओलेच होते.

“पाय काढ सखाराम. तुझ्याच घरून यायलेय. पोरगी झाली. तिची माय लय थकलीय, घरी जा.”

मागून कुणीतरी म्हणालं, सखाराम, आता गूळ वाट. दोघं-तिघं हसले. तू हसली नाहीस.

“हमीदा आत हाय,” तू म्हणालीस. “न्यायची तर आधी मला न्या.”

सखारामने उंबऱ्यावरचा पाय काढला, आणि ते निघून गेले.

हमीदाबीने गावभर सांगितलं की काठ्या समोर असताना रूथबाईंनी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून ती मला दुवा देते.

तू मला काहीच बोलली नाहीस. त्या संध्याकाळी करीमखानाचं नाव झालं, सखारामचं झालं, आणि मग तू म्हणालीस, “प्रभू, माझ्या रूथलाही सांभाळ.”

ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते नाव असं आलं, त्या दोघांच्या मागून. तुला कळलं होतं! त्यानंतर एकही संध्याकाळ ते चुकलं नाही. एकदा तरी विचारायचंस, अक्का. रागावली असतीस तर सोपं गेलं असतं.

आज सकाळी हमीदाबी माझ्यासाठी भाकरी आणि वरण घेऊन आली. तुझ्यासाठी माझ्यापेक्षा जास्त रडली, आणि मला तोच जुना हेवा वाटला. मग माझा हात धरून म्हणाली की आपा गेली, पण जीव वाचवणारी दुसरी आहे. मी हात सोडवून घेतला.

उद्या ती भांडं न्यायला येईल. मी तिला बसवीन आणि त्या दुपारचं सगळं सांगेन. ती उठून गेली, तर या घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नाही. तरी सांगेन. हे वचन तुला देते.

तुझी धाकटी,
रूथ